हजार अध्यायांचा अनुशेष आणि अठरा क्विंटल कापूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणारे ४२ वर्षांचे शेतकरी आहेत. सहा एकर कोरडवाहू, गावात ख्रिस्ती घरं मोजून अकरा. नावगाव गाळून पत्राचा गोषवारा देत आहे:

"ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझे बाबा रोज पहाटे कंदील लावून एक अध्याय वाचायचे. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही असं सगळे सांगतात. दोन वर्षांआधी ते प्रभूकडे गेले. त्यांचं बायबल मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलं आहे, कसर लागू नये म्हणून. मागच्या जानेवारीत मी वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता भिंतीला लावला. पेरणीपर्यंत रडतखडत गणनेच्या १४व्या अध्यायापर्यंत आलो. मग डवरणी, फवारणी, वेचणी. आता पुस्तक उघडलं की दोन ओळींत डोळा लागतो. तक्त्याप्रमाणे हजाराच्या वर अध्याय बाकी आहेत. बायबल उघडताना सोसायटीचं कर्जाचं खातं उघडल्यासारखं वाटते.

दुसरं असं, की समोरच्या खोलीत अठरा क्विंटल कापूस विकायचा बाकी आहे. भाव वाढेल म्हणून थांबलो. त्याच गंजीला टेकून 'पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका' वाचलं, तेव्हा देव मलाच बोलला असं वाटलं. पाळकसाहेबांनीही संदेशात सांगितलं, नाशवंताच्या मागे लागू नका. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, फीचा दुसरा हप्ता थकला आहे. बायको म्हणते, कापूस काढा. मला वाटते हे सगळंच नाशवंत आहे, शेती भावाला मक्त्यानं देऊन टाकावी अन् पुढचं आयुष्य वचनात घालवावं. हे बोललो तर ती म्हणाली, 'तुमी पुस्तक उघडून बसता अन् मी चूल पेटवून. देव का तुमच्याच खोलीत येते?' मी नुसता नावाचा ख्रिस्ती उरलो का?"

भाऊ, सलाम.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात घेतली आणि 'बाकी', 'थकला', 'खातं' या शब्दांवर खुणा करत गेले. अध्याय बाकी, कापूस बाकी, फी थकलेली, आणि बायबल म्हणजे खातं. तुम्ही पत्रात 'दुसरं असं' म्हणून नवा परिच्छेद पाडलात, पण मला त्यात दोन अडचणी दिसल्या नाहीत. एकच दिसली. वचनाचीही तुम्ही गंजी घालायला निघालात.

आपण विदर्भातली माणसं. अनुशेष म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष हे ऐकतच आपण मोठे झालो. पण बायबलचा अनुशेष ही नवीनच गोष्ट तुम्ही काढली! आणि अडकलात कुठे, तर गणनेच्या १४व्या अध्यायात. हेर परत येतात, लोक घाबरून रडतात आणि चाळीस वर्षं रानात भटकायची पाळी येते. अख्खं इस्राएल जिथे अडकलं तिथेच तुम्ही अडकलात. सोबत काही वाईट नाही.

त्याच्या आधी तुम्ही निर्गम वाचून पुढे आलात, म्हणजे १६वा अध्याय डोळ्यांखालून गेलाच आहे. तो परत काढा. रानात रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, पडायचा. ज्याला जेवढा लागेल तेवढा त्यानं गोळा करायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच. त्यात किडे पडले आणि घाण सुटली. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढी दुप्पट वेचायची मुभा होती, आणि तो मात्र टिकायचा. ऊन तापलं की जमिनीवर राहिलेला वितळून जायचा. आता मला सांगा, एखादा माणूस एक दिवस तापानं पडून राहिला आणि मान्ना वेचायला गेला नाही, तर 'दुसऱ्या दिवशी आधी कालचा भर' असं त्या अध्यायात कुठे लिहिलं आहे? कालचा उरलेलाच नसायचा. आजचा मात्र दाराबाहेर पडलेला असायचा.

म्हणून ते हजार अध्याय सोडून द्या. भिंतीवरचा तक्ता काढून टाकलात तरी चालेल, तो कुठल्याशा छापखान्यानं छापला आहे, सीनाय पर्वतावरून आलेला नाही. तक्ते वाईट असतात असं मी म्हणत नाही. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत, रोज तीन-चार वाचले की वर्षात होतात, आणि ज्याला जमतं त्यानं जरूर वाचावं. पण हे अध्यायच मुळात तेराव्या शतकात पाडले गेले आणि वचनांना आजचे क्रमांक मिळाले ते सोळाव्या शतकात. पौलाची पत्रं ज्या मंडळ्यांनी पहिल्यांदा ऐकली त्यांना 'आज किती अध्याय झाले' हा प्रश्न विचारताच आला नसता. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना वाचताही येत नव्हतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

आता बाबांबद्दल, जरा जपून. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही, हे 'सगळे सांगतात' असं तुम्ही लिहिलं. गेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच सांगतात. आई असतील तर त्यांना एकदा निवांत विचारा. आणि त्याहून सोपं म्हणजे कपाटावरून ते बायबल खाली काढा.

माझ्या आजोबांचं बायबल माझ्याकडे आलं तेव्हाची गोष्ट सांगते. आम्हालाही लहानपणापासून हेच ऐकवलं होतं, की आजोबांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत किती पारायणं केली याची गणती नाही. उघडून पाहिलं. स्तोत्रसंहितेची पानं काठाला काळवंडून फडक्यासारखी मऊ झालेली. २३वं आणि १२१वं स्तोत्र तर सुटून हातात आलं. योहानाच्या १४व्या अध्यायावर हळदीचं बोट उमटलेलं. आणि 'पहिला इतिहास' या पुस्तकातली, वंशावळींची पानं? सोनेरी कडेला एकमेकांना चिकटलेली, करकरीत. नखानं हलकेच सोडवली तेव्हा बारीक चर्र आवाज झाला. त्यांना माझ्याआधी कुणी वेगळं केलंच नव्हतं. मला आजोबांचा राग नाही आला. ते पहिल्यांदा मला ओळखीचे वाटले.

हळदीचं बोट आजीचं असणार. आजीला अक्षरओळख नव्हती. आजोबा चुलीच्या उजेडाला बसून मोठ्यानं वाचायचे आणि ती भाकरी थापत ऐकायची, मध्येच 'थांबा, मागचं परत म्हणा' म्हणून हात पुढे करायची. 'मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो' हे अख्खं स्तोत्र तिला तोंडपाठ होतं. पान तिला आकारावरून ओळखू यायचं, शब्दांवरून नाही.

इथेच मला वहिनींचं बोलणं आठवतं. तुम्ही ते टोमणा म्हणून लिहिलं आहे. मला तो टोमणा वाटला नाही, आमंत्रण वाटलं. आपल्या मराठीची गंमत बघा, चर्चलाही आपण मंडळी म्हणतो आणि बायकोलाही. तुम्ही देवाच्या मंडळीची इतकी काळजी करता आणि घरातली मंडळी चुलीपाशी एकटी. 'खोलीत जा, दार लावून घे' हे प्रभूनं सांगितलं आहे हे मला माहीत आहे, पण तो अध्याय लोकांना दाखवायला प्रार्थना करणाऱ्यांबद्दल बोलतो. बायकोला बाहेर ठेवायला ते दार नाही. 'अनुवाद' या पुस्तकाचा ६वा अध्याय तर वचनाची जागाच ठरवून देतो: घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता. त्यात पहाटे पाचची वेळ वेगळी दिलेली नाही.

पंडिता रमाबाईंनी केडगावात आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. साध्या बायाबापड्यांना ऐकताच कळावं, ही त्यामागची ओढ होती. १९२२ साली त्या गेल्या. आज मराठी बायबल मोबाइलवर ऐकताही येतं आणि आपण मात्र ते एकट्यानं, झोपेशी झगडत, मुक्यानं वाचतो.

झोपेचं म्हणाल तर लाज वाटून घेऊ नका. प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा एक तरुण आहे. पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं, हा खिडकीत बसला होता, पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, तो जिवंत निघाला, मग पौलानं वर येऊन भाकर मोडून खाल्ली. 'उपासनेत झोपतोस कसा' असं त्याला कुणी म्हटल्याचं लिहिलेलं नाही. दिवसभर कंबर वाकवून वेचणी केलेल्या माणसाला पहाटे कंदिलापुढे झोप येणारच. बाबांचा काळ वेगळा होता, ते रात्री आठला झोपत असतील. तुम्ही थ्री फेज विजेच्या वेळा पाहून रात्री-बेरात्री ओलिताला जाणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत राहता, मोबाइलही उशाशी असतो.

वेळ बदला. वेचणीच्या हंगामात दुपारची शिदोरी सोडता ना, कडुनिंबाखाली? पाणी पिऊन झालं की दहा वचनं, मोठ्यानं, वहिनींना ऐकू जातील अशी. दहाच. आणि सध्या गणना मिटून ठेवा, रूथ उघडा. चारच अध्याय आहेत. परक्या देशातून आलेली एक तरुण विधवा सासूसाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. तिथलं पीक सातूचं, तुमचं कापसाचं, पण वाकलेली पाठ एकच. वाचताना विचार करा, की रूथला शेतात जायची मुभा मिळाली कशामुळे? शेताचे कोपरे अगदी काठापर्यंत कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या, हा नियम लेवीयच्या १९व्या अध्यायात आहे. ज्या लेवीयमधून तुम्ही जांभया देत गेलात, त्यातच. तुमच्या धुऱ्याला शेवटची बोंडं वेचायला येणारी कुणी असेल, तर ती कोण आहे ते तुम्हाला ठाऊक असेल.

रूथ झालं की मार्क. सोळा अध्याय, सगळ्यात लहान शुभवर्तमान. तेही पळत वाचू नका. कुठे मन अडकलं तर अडकू द्या. कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला जात होते, रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबल दिलं. ते वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचं पाऊल पुढे पडेना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे अडकणारे तुम्ही पहिले नाहीत. फरक एवढाच, की ते ओढ लागून अडकले आणि तुम्ही थकून.

आता कापूस. त्याच डोंगरावरच्या प्रवचनातलं वचन तुम्हाला टोचलं आहे, कसर आणि जंग यांचं. टोचू द्या, टोचायलाच लिहिलं आहे. पण साठवणं म्हणजे पाप असं त्यावरून ठरवू नका. नाहीतर योसेफाचं काय करणार? त्यानं मिसरात सात वर्षं धान्य कोठारात भरलं आणि त्यावर दुष्काळात माणसं जगली, त्याचे स्वतःचे भाऊही. कोठार दोघांकडे होतं, योसेफाकडेही आणि लूकच्या १२व्या अध्यायातल्या त्या श्रीमंत शेतकऱ्याकडेही, ज्याला देव मूर्ख म्हणतो. मग फरक काय? त्या शेतकऱ्याची गोष्ट पुन्हा वाचा. पीक अमाप आलं, कुठे ठेवू, कोठारं मोडतो, मोठी बांधतो, आणि मग स्वतःच्याच जिवाला म्हणतो, खा, पी, आनंद कर. सगळं बोलणं स्वतःशीच चाललं आहे. त्या घरात बायको नाही, मूल नाही, गडी नाही, शेजारी नाही. कुणाला विचारलेलं नाही. मला दर वेळी हेच खटकतं.

तुमचा कापूस कुणी वेचला? मजूर लावले असतील, किलोनं पैसे दिले असतील, पण वहिनींच्या बोटांना बोंडाची टोकं लागली नसतील असं मी मानत नाही. आणि त्यांचं म्हणणं पत्रात अर्ध्या ओळीत आहे.

पाळकसाहेबांनी नाशवंताबद्दल जे सांगितलं ते बहुधा योहानाच्या ६व्या अध्यायातलं. तो अध्याय सुरुवातीपासून वाचा, घाई न करता. नाशवंत अन्नासाठी श्रम करू नका असं प्रभू कुणाला म्हणतो? आदल्याच दिवशी ज्यांना त्यानं जवाच्या भाकरी पोटभर खाऊ घातल्या त्यांना. नुसत्या खाऊ घातल्या नाहीत. जेवण झाल्यावर शिष्यांना सांगितलं, की उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ नये. बारा टोपल्या भरल्या. जो नाशवंताला तुच्छ मानतो तो भाकरीचे तुकडे कशाला मोजून टोपलीत भरेल? दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा भाकरीसाठी शोधत आले, तेव्हा त्यानं त्यांना त्यापलीकडचं दाखवलं. भूक आधी भागवली, मग बोलला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या संदेशांत तो पुष्कळदा उलटा होतो. पाळकसाहेबांना हे माझं नाव सांगून विचारा, ते रागावणार नाहीत.

तुमच्या घरात भूक कुठे आहे? फीच्या हप्त्यात आहे. जी मुलगी उद्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची कूस बदलून देणार आहे, तिचं शिक्षण तुम्ही नाशवंताच्या यादीत कसं टाकलं, हे मला खरोखर कळलं नाही.

भावाचं मला फार कळत नाही, पण इतकं आठवतं. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, आणि पुढच्या वर्षी तोच भाव येईल म्हणून कितीतरी घरांनी गंज्या राखल्या. भाव उतरत गेला. २०२५-२६ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर ओलावा बघतात, ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२च्या वर घेतच नाहीत. घरी पडलेल्या कापसाचा ओलावा कमी होतो हे खरं, पण वजनही घटतं, उंदीर शिरतात, एखादी ठिणगी पुरते. आणि गंजीच्या खोलीत झोपणाऱ्यांच्या अंगाला जी खाज सुटते ती तुम्हाला मी काय सांगू!

माझं मत विचाराल तर हप्त्याला आणि सोसायटीला लागेल तेवढा आधी काढा. खेडा खरेदीवाला दारात येऊन रोख देतो म्हणून त्याला घाईनं देऊ नका, आधी केंद्रावर चौकशी करा, चुकारा किती दिवसांत खात्यात पडतो तेही विचारा. उरलेले चार-सहा क्विंटल थांबवायचे असतील तर थांबवा, पण किती आणि कोणत्या तारखेपर्यंत हे दोघांनी बसून ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. ती तारीख आली की भाव काहीही असो, बंडी जुंपायची. रात्री अंथरुणावर पडल्यावर देव आठवतो की भाव, यावरून गंजी कुठे आहे ते कळतं, खोलीत की छातीत.

शेती मक्त्यानं देऊन वचनात राहायचं, हा बेत मला मान्य नाही. कुणाकुणाला तशी हाक येते, मी नाकारत नाही. पण तुमच्या पत्रात हाक दिसली नाही, थकवा दिसला. पौल स्वतः तंबू शिवत होता. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ५व्या अध्यायात, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल त्यानं जे लिहिलं आहे ते इतकं कडक आहे, की इथे देत नाही, तुम्हीच काढून बघा. हंगाम संपू द्या, उन्हाळ्यात दोन आठवडे नीट झोपा, मग हा विषय पुन्हा काढा.

अशीच कुरकुर इतरांच्या पत्रांतही येते. अमरावतीकडच्या एका अंगणवाडी सेविकेनं लिहिलं आहे, की घरात आपण एकट्याच विश्वासात, पुस्तक उघडलं की सासू तोंड फिरवते. बाई, तुम्ही कामावर जाताना कानाला लावून ऐका, आणि नीतिसूत्रं तारखेप्रमाणे घ्या. एकतीस अध्याय आहेत, आज १२ तारीख तर १२वा. एखादा दिवस राहिला तर तो पुढच्या महिन्यात आपोआप येतो. ज्यांचे डोळे गेलेत त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावं, नातवंडं अडखळतील तिथे आपण शिकवावं. ज्यांना काहीच सुचत नाही त्यांना ११७वं स्तोत्र आहे, दोनच वचनांचं.

'नावाचा ख्रिस्ती' हा तुमचा शेवटचा प्रश्न. भाऊ, नावाच्या माणसाला गंजीला टेकल्यावर वचन टोचत नाही, त्याला झोप लागते. तुम्हाला दोन्ही झालं, म्हणून उत्तर एवढं लांबलं.

आता उठा आणि बाबांचं बायबल खाली काढा. प्लॅस्टिक फाडून टाका, त्यात दमट धरतं. कोणती पानं मळकी आहेत, कुठे खूण केली आहे, कुठली पानं अजून चिकटलेली आहेत, ते दोघांनी बघा. मळक्या पानांपैकी एक वहिनींना निवडू द्या, आणि त्या रात्री ते त्यांनी वाचावं. चूल तुम्ही बघा.